माहनूरच्या नावाची नळी

पुणे
२८ ऑक्टोबर २००४

आपा,

सलाम. रोजे चालू आहेत, तेव्हा हे पत्र इफ्तार झाल्यावर वाच. फोन केला असता, पण तुमच्याजवळ आहे तो कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातला फोन, म्हणजे दहा जणांच्या कानातला फोन. हे बोलणं घरातलं आहे.

अम्मीला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या पायाला जखम झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, एवढ्या वाळक्या बाईला कसली शुगर, आणि मलम लिहून दिलं. रक्त तपासलं तेव्हा बोटं काळी पडलेली होती. तू तिला उचलून संडासला न्यायचीस. तिचं वजन अडतीस किलो होतं.

मी ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे आता नेमकं हेच काम सुरू झालं आहे. बारीक माणसाला शुगर का होते. आपण समजतो की चरबी म्हणजे नुसता साठा, कोठीतल्या धान्यासारखा. तसं नाही. चरबी रक्तात हार्मोन सोडते. एक हार्मोन मेंदूला सांगतो की पोट भरलं. दुसऱ्याचं नाव ॲडिपोनेक्टिन. तो पुरेसा असला की रक्तातली साखर अंगात जिरते. काही घरांत तो जन्मापासून कमी असतो, कारण तो कसा बनवायचा हे पेशींत जिथे लिहिलेलं असतं तिथलं एखादं अक्षर वेगळं असतं. ते अक्षर आईकडून येतं किंवा बापाकडून. येतं किंवा येत नाही. अर्धं आईचं, अर्धं बापाचं, एवढंच नक्की.

मला बारा कुटुंबं जमवायची आहेत. अकरा झाली. बारावं आपलं धरलं आहे. माझं रक्त मी दिलं. तुझं आणि तुझ्या लेकीचं, माहनूरचं हवं. अम्मीच्या पुढच्या दोन पिढ्या होतील. श्रावण कंपाउंडरला मी कळवलं आहे, तो घरी येईल. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळी रक्त द्यायचं. नळ्या दहा डिसेंबरच्या आत पोचल्या पाहिजेत. माझं कंत्राट त्याच महिन्यात नवं होणार आहे.

माहनूरच्या लग्नाला येता येईल असं वाटत नाही. सगळीकडचे नमुने त्याच आठवड्यात येतात. माहनूरच्या अब्बांना, रहेमानभाईंना समजावून सांग.

तुझा
मोईन


पांढरकवडा
८ डिसेंबर २००४

मोईन,

निकाह रविवारी झाला. तुझी वाट पाहिली नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. बिदाईच्या वेळी सगळे विचारत होते, मामू कुठे आहे. मी म्हटलं, पुण्याला रक्त मोजतो आहे. जावयाची, नौशादची आई हसली. तिला वाटलं मी थट्टा करते.

नळ्या मिळाल्या असतील. श्रावण गुरुवारी सकाळी आला. माहनूरला मांझ्याला बसवून तीन दिवस झाले होते. पिवळे कपडे, अंगाला हळद. तुला हे माहीत नसेल, तू बायकांच्या खोलीत कधी बसला नाहीस. पिवळे कपडे चढले की मुलीचं नखसुद्धा कापत नाहीत. श्रावणने दोन नळ्या भरल्या, नावं लिहिली, बर्फाच्या डब्यात घालून नागपूरच्या गाडीत दिल्या. त्या दिवशी कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता. गाडी करंजीजवळ तीन तास उभी होती. बर्फ टिकला असेल अशी आशा आहे. मला थोडी चक्कर आली, बाकी काही नाही.

यंदा कापूस फार आला आहे. जिनिंगच्या आवारात जागा नाही, लोक गाड्या रस्त्यावर सोडून ढाब्यावर झोपतात. माहनूरचे अब्बा दोन पाळ्या रोलर लावतात. त्यांच्या मिशीतून रुई निघते. भाव मात्र मिळत नाही कोणालाच.

एक गोष्ट ध्यानात ठेव. मंगनीच्या वेळी नौशादच्या आईने विचारलं होतं, घरात काही बीमारी? मी नाही म्हटलं. अम्मी वयाने गेली असं सांगितलं आहे. कधी तिच्या सासरी ढाणकीला गेलास तर हेच सांग.

माहनूर जाताना रडली नाही. तिच्या मनगटात बांगड्या राहत नाहीत, कोपरापर्यंत सरकतात. नौशादची आई म्हणाली, आमच्याकडे भरेल ती.

फरहाना


पुणे
१४ मार्च २००५

आपा,

हे पत्र मी लिहायला नको. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात, आणि आकडा कोणाचा हे पाहायची मला परवानगी नाही. मी पाहिलं.

कुटुंब बारा, नमुना दोन तुझा. नमुना तीन माहनूरचा. ते वेगळं अक्षर दोघींत आहे. ॲडिपोनेक्टिन दोघींचं फार कमी आहे. एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो, कारण अक्षर म्हणजे रोग नव्हे, नुसता धोका आहे. पण उपाशीपोटी साखर तुझी १७१ आहे आणि तिची १६९. १२६ च्या वर शुगर धरतात. हा धोका राहिला नाही, आपा. तुम्हा दोघींना शुगर आहे.

माहनूर वीस वर्षांची आहे. तिला घेऊन डॉक्टरकडे जा. बोटाच्या एका थेंबाची तपासणी आहे, दहा मिनिटं लागतात. मूल व्हायच्या आत साखर आवरली पाहिजे. तिला मी सरळ पत्र लिहिलं तर चालेल का?

माझं कंत्राट आणखी एक वर्ष वाढलं.

मोईन


पांढरकवडा
२ एप्रिल २००५

मोईन,

तिला पत्र लिहू नकोस. ढाणकीला पोस्टमन पत्र दुकानात देतो. सासरा ते फोडतो आणि जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. त्यात त्याला काही वाईट वाटत नाही, तो सगळ्यांची पत्रं वाचतो. तुझ्या पत्राने माझ्या मुलीचं घर मोडेल.

मी तपासून आले. इथे नाही, वणीला, जिथे कोणी ओळखत नाही. तुझा आकडा बरोबर आहे. गोळी सुरू केली. रात्री चार वेळा उठत होते, मला वाटायचं वय झालं. चाळीस म्हणजे वय नाही, पण अम्मीला बघितलेलं असलं की माणूस लवकर म्हातारं होतं.

माहनूरची काळजी करू नकोस. ती ठीक आहे. मला माहीत आहे ती ठीक आहे. सगळंच कागदात येत नाही.

तिला दिवस गेले आहेत. तिसरा महिना आहे.

फरहाना


पुणे
२१ जून २००५

आपा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला. तिसरा महिना हे वाचून मी तीनदा लिहायला बसलो.

आईच्या रक्तातली साखर मुलाला जाते. मूल ती साखर खात राहतं आणि नको तेवढं मोठं होतं. दिसायला गुटगुटीत, पण आतून कच्चं. शेवटच्या महिन्यात काहीही होऊ शकतं. हे टाळता येतं. फक्त आईची साखर माहीत असली पाहिजे.

माहनूरला तपासलं का? एवढंच लिही. आकडा लिही.

इथे सर जुन्या नोंदी पुन्हा पाहत आहेत. माझ्या काही नमुन्यांबद्दल विचारलं. मी उत्तर दिलं. त्याचा तुझ्याशी संबंध नाही.

मोईन


पांढरकवडा
१० जुलै २००५

मोईन,

तपासलं. चांगलं आहे. आकडा त्यांनी सांगितला नाही.

ती सातव्यात येईल तेव्हा मी तिला इकडे आणणार होते, पण त्यांच्याकडे पहिलं बाळंतपण सासरी करतात.

फरहाना


पांढरकवडा
२८ ऑक्टोबर २००५

मोईन,

फोनवर तुला एवढंच सांगितलं की मूल गेलं. बाकीचं लिहिते.

अकरा तारखेला माहनूरच्या पोटातली हालचाल थांबली. तिने दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. मग उमरखेड आणि तिथून नांदेड. मी पोचले तेव्हा बाळंत झाली होती. मुलगा होता. सव्वाचार किलो. नर्सने मला कपड्यात गुंडाळून दाखवला. इतका भरलेला, की मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाचा आहे. माहनूर शेजारी पडली होती, तिच्या गळ्याची हाडं दिसत होती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटातून थेंब घेतला. साखर ३४० निघाली. मला बाहेर बोलावून त्यांनी विचारलं, घरात कोणाला आहे का. मी म्हटलं, माझ्या आईला होती, मला आहे. त्या म्हणाल्या, मग नऊ महिने कोणी बघितलं कसं नाही? ढाणकीच्या डॉक्टरने विचारलं होतं, मोईन. माहनूरने त्यांना सांगितलं, आमचं रक्त पुण्याला तपासलं आहे, मामूंनी कळवलं की मी ठीक आहे. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे तपासलं नाही.

मामूंनी कळवलं असं तिला मी सांगितलं होतं.

ते रक्त तिचं नव्हतं. दोन्ही नळ्या माझ्या होत्या. श्रावण आला तेव्हा ती हळदीत बसली होती. मी त्याला म्हटलं, पिवळ्या कपड्यातल्या पोरीचं रक्त काढत नाहीत, काही वाईट झालं तर जन्मभर माझ्या मनात राहील. तो म्हणाला, मग मोईनभाऊले काय सांगू? मी दुसरी बाही वर केली. तो म्हणाला, "बाई, दोन्ही हात कायले? एकाच हातातून दोन नळ्या भरतो." मी म्हटलं, नाही, उजव्या हातातलं तिच्या नावाने घे. मला वाटलं तेवढा तरी फरक राहील. माझंच रक्त आहे तिच्यात, असंही वाटलं. तूच लिहिलं होतंस, अर्धं आईचं. तिलाही मी हेच सांगितलं, की माझ्या रक्तावरून मामूंना तुझंही कळलं.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा सुखावले. १७१ माझी आणि १६९ पण माझीच. म्हणजे तिला काही नाही. तू पत्रामागून पत्र लिहीत होतास आणि मी मनात म्हणत होते, वेडा आहे, माझ्यासाठी रडतो आहे आणि नाव तिचं घेतो आहे. तुला खरं सांगितलं असतं तर तुझं कंत्राट गेलं असतं. सांगितलं नाही तर कोणाचं काही जात नाही, असं वाटलं. जुलैत मी खोटं लिहिलं. तिला कधीच तपासलं नाही. ढाणकीत तपासणीवाला नौशादच्या मामाचा शेजारी आहे. मंगनीच्या वेळी बोललेलं तिथेच उघडं पडलं असतं.

तिला मी नांदेडलाच सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळी म्हणाली, "अम्मी, तू घरी जा." मी जिन्यात बसून राहिले. सकाळी नौशाद आला आणि त्याने मला गाडीत बसवून दिलं. तो चांगला मुलगा आहे. 

ईद आठवड्यावर आली आहे. येऊ नकोस.

फरहाना


पुणे
१३ नोव्हेंबर २००५

आपा,

तुझं पत्र दहा दिवस माझ्याजवळ आहे. आधी मी जे लिहिलं ते फाडलं. ते तुझ्यावर रागावून लिहिलं होतं, आणि तो अधिकार मला नाही.

एका रक्ताची आम्ही चाळीस ठिकाणं वाचतो. आई आणि मुलगी यांच्यात निम्मं जुळलं पाहिजे. जूनमध्ये सरांनी मला बोलावून कागद दाखवला. कुटुंब बारा, दोन आणि तीन, चाळीसच्या चाळीस जुळत होती. त्यांनी विचारलं, या जुळ्या बहिणी आहेत का? मी म्हटलं, नोंदीत चूक झाली असेल, बघतो.

मला वाटलं चूक माझी आहे. एकच नळी मी दोनदा वापरली असेन. त्या आठवड्यात दोनशे नळ्या आल्या होत्या, मी चार रात्री झोपलो नव्हतो. ते कबूल केलं असतं तर काम गेलं असतं. मी तीन नंबर यादीतून काढला आणि बर्फ वितळल्याने खराब झाला असं लिहिलं.

म्हणजे जूनपासून मला माहीत होतं की माहनूरचं रक्त कोणीच पाहिलेलं नाही. तुला माहीत होतं डिसेंबरपासून. तुला जे पत्र लिहिलं त्यात मी एक ओळ लिहू शकलो असतो, की दोन्ही नळ्या एकाच बाईच्या दिसतात. तू उत्तर दिलं असतंस, हो, माझ्याच आहेत. ती तेव्हा पाचव्यात होती. मी ती ओळ लिहिली नाही. त्याचा तुझ्याशी संबंध नाही असं लिहिलं.

तिची साखर पाहायला बोटाचा एक थेंब पुरला असता. अक्षर पाहायची गरज नव्हती. मला अक्षराचं वेड होतं.

तिला म्हणावं, हवं असेल तर या वेळी तिचं स्वतःचं रक्त पाठव. मी कोणालाही न विचारता पाहीन.

मोईन


ढाणकी
६ जानेवारी २००६

मामू,

आदाब. नांदेडला तपासणीसाठी गेले होते तेव्हा तिथूनच नळी दिली आहे. माझ्या डोळ्यांसमोर भरली, नाव मी लिहिलं. ती तुमच्या पत्त्यावर आणणारा माणूस नौशादच्या ओळखीचा आहे, तो हाताने देईल.

साखर अजून उतरलेली नाही. गोळ्या घेते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळंतपणानंतर जाते काही बायकांची, माझी गेली नाही.

इथे माझ्याबद्दल बोलणं चालू आहे. सास म्हणते, खोटं सांगून पोरगी दिली. नौशादची मावशी माझ्यासमोर म्हणाली, "रक्तातच खोट असन तर दुसरं पोरगंही तसंच जाईन. कायले ठेवता मंग?" नौशाद उठून बाहेर गेले. त्यांनी बोलायला पाहिजे होतं.

मला तुमच्याकडून एकच हवं आहे. ते अक्षर माझ्यात आहे की नाही. असेल तर ते नानीकडून आलं, अम्मीकडून आलं, त्यात कोणी काही केलेलं नाही. मग मला अम्मीशी बोलता येईल. नसेल तर तसं लिहा. पत्र सासरे वाचतात हे तुम्हाला माहीत आहे. वाचू द्या.

माहनूर


पांढरकवडा
२० जानेवारी २००६

मोईन,

नौशादकडून कळलं की तिने नळी पाठवली आणि काय विचारलं. तो जिनिंगमध्ये माहनूरच्या अब्बांना भेटायला आला होता. त्यांना सांगायला आला होता की घरचे तिला माहेरी पाठवायचं म्हणतात. अब्बा आता इथे नसतात. यंदा एकच पाळी चालते, म्हणून ते आदिलाबादला फिटर म्हणून लागले. मग तो माझ्याकडे आला आणि ओसरीवर बसला. मी भाकर दिली, त्याने खाल्ली.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आता मागते. रक्तात काहीही निघो, तू तिला लिही की आहे. लिही की ते माझ्याकडून आलं. तिला मी वाईट रक्ताची आई म्हणून चालेन. ते मी सहन करीन, रोज करीन. पण मी बाही वर केली म्हणून तिचं मूल गेलं, हे तिने माझ्याकडे बघून आठवावं, ते माझ्याने होत नाही. ती माझ्याशी तीन महिने बोललेली नाही. मी फोन करते, ती घेते, श्वास ऐकू येतो, मग ठेवते.

तू एकदा एक नंबर खोडला आहेस. एक अक्षर लिही.

आपा


पुणे
१८ फेब्रुवारी २००६

माहनूर,

तुझी नळी मी दोनदा तपासली. नंतर सरांना सगळं सांगितलं आणि त्यांनी तिसऱ्यांदा तपासली. मला मार्चअखेर काम सोडायचं आहे. ते योग्य आहे.

ते अक्षर तुझ्यात नाही. तुझ्या आईकडच्या दोन प्रतींपैकी चांगली तुला आली. ते तुझ्यात नसेल असं तिने अंदाजाने धरलं होतं, ते खरं निघालं, आणि तरी तुला शुगर आहे. ॲडिपोनेक्टिन तुझंही कमी आहे. ते का कमी आहे हे मला सांगता येत नाही. त्या एका जागेशिवाय शेकडो जागा आहेत, त्यातल्या बहुतेक आम्हाला ठाऊक नाहीत. जिथे उजेड होता तिथेच आम्ही शोधत होतो. डिसेंबरात तुझं खरं रक्त आलं असतं तर मी ते एक अक्षर बघून कदाचित आपाला लिहिलं असतं, मुलगी सुटली. तेही तितकंच घातक ठरलं असतं.

तेव्हा या पत्रात तुला कोणाला माफ करता येईल असं काही नाही. मी जूनमध्ये गप्प बसलो हे आपाने तुला सांगितलं नसेल. मला माहीत होतं की तुझं रक्त कोणी पाहिलं नाही, आणि काम जाईल म्हणून मी लिहिलं नाही. तेही धर.

आपाने मला उलट लिहायला सांगितलं होतं. तुझ्यात ते आहे आणि तिच्याकडून आलं, असं. मी ते करू शकलो नाही, कारण मग तुझ्या घरच्यांनी तुला कायमचं खोटं नाणं ठरवलं असतं.

नौशादच्या वडिलांना, ते हे वाचत असतील तर, माझं म्हणणं असं. शुगर झालेल्या बाईला निरोगी मूल होतं. रोज होतं, सगळीकडे होतं. त्याला साखर मोजावी लागते आणि सुई घ्यावी लागते. ते मूल रक्ताने गेलं नाही. आपा, श्रावण कंपाउंडर आणि मी, आम्ही तीन माणसं बोललो नाही म्हणून गेलं. तिला माहेरी पाठवून ते परत येणार नाही.

मामू


ढाणकी
१४ एप्रिल २००६

अम्मी,

मामूंचं पत्र आलं त्याला दोन महिने होत आले. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे फोडलं आणि वाचायला लागले. त्यांचं नाव आलं तिथे थांबले. उरलेलं मनात वाचलं आणि कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्यानंतर या घरात रक्ताबद्दल कोणी बोललेलं नाही. मावशीही नाही.

तू काय लिहायला सांगितलं होतंस ते मी वाचलं. म्हणजे तू पुन्हा माझ्या नावावर तुझं रक्त देणार होतीस. मला कोणी विचारणार नव्हतंच.

मला तिसरा महिना आहे. मी इतक्यात नको म्हणत होते. झालं ते झालं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद करून इन्सुलिन दिलं आहे, दिवसातून दोन वेळा. फ्रिज नाही, म्हणून शिशी मडक्यात ओल्या फडक्यावर ठेवते. उन्हाने ते तासाभरात वाळतं, मी पुन्हा ओलं करते. ते मला जमतं. टोचणं जमत नाही. सुई पोटात घ्यायची असते. मी कातडी चिमटीत धरते, हाताला काही लागत नाही, नुसती कातडी, आणि खाली बाळ आहे हे माहीत असतं. हात पुढे जात नाही. नौशाद इंजिन उघडून त्यातला बारीक खिळा डोळे मिटून काढतात, पण सुई हातात दिली की ती फडक्यात गुंडाळून परत माझ्याजवळ ठेवतात. सास खोलीबाहेर जाऊन उभी राहते. गावातली नर्स आठवड्यातून दोनदा येते. परवा संध्याकाळची राहिली. आज सकाळची राहिली.

अब्बा आदिलाबादहून येऊन गेले. ते म्हणाले की तुझ्या गोळ्याही बंद झाल्या आणि तू स्वतः टोचून घेतेस, न बघता, भाजी चिरता चिरता.

तू ये. मी माफ केलं असं समजू नकोस. मी तुझ्याशी बोलेन असंही समजू नकोस. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एवढंच काम आहे. ओसरीवर झोपायची सोय करते. सासला मी सांगितलं आहे.

जिनिंग बंद झालं म्हणून तिथला फोनही काढला आहे, नाहीतर हे लिहिलं नसतं. पत्र पोचायला चार दिवस लागतील. तोवर आठ सुया आहेत. त्यातल्या किती माझ्याने होतील ते मला सांगता येत नाही.

माहनूर